घर नावाचे वाचनालय: आष्टा ते भिलार

मराठी वाचनव्यवहाराचा इतिहास प्रामुख्याने ग्रंथालये, नियतकालिके आणि शाळा यांच्या आधारे लिहिला गेला. घर मात्र त्यात दुर्लक्षित राहिले. काशीबाई कानिटकर यांचा जन्म १८६१ मध्ये आष्टा येथे झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. काशीबाई शाळेत गेल्या नाहीत. पत्नीने शिकावे ही पती गोविंदरावांची इच्छा होती, सासरच्या वडीलधाऱ्यांची नव्हती. पुरुषाला विरंगुळा म्हणून सहज लाभणारे वाचन त्यांना घरातल्या घरात, रोष पत्करून साधावे लागले. ‘रंगराव’ (१९०३) ही कादंबरी अशा वाचनातून घडलेल्या लेखिकेची आहे.

सातारा जिल्ह्यातील भिलार येथे ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचं गाव’ हा शासकीय प्रकल्प सुरू झाला, तेव्हा ग्रामस्थांनी आपली घरे अनोळखी वाचकांसाठी खुली केली. घर हेच तेथे वाचनालय झाले. तथापि त्या घरातील स्त्रीच्या वाट्याला वाचनाची निवांत घटका किती येते, हा काशीबाईंच्या काळापासूनचा प्रश्न पुस्तके घरात आल्याने आपोआप सुटत नाही. वाचनाचा इतिहास हा ग्रंथांइतकाच सवडीच्या वाटपाचाही इतिहास असतो.