वर्गातील श्रवण आणि ध्वनिवर्धन : एक ऐतिहासिक आढावा (1895 ते 2002)

प्रस्तावना :
शिक्षणाच्या इतिहासात अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तके आणि परीक्षापद्धती यांची चर्चा विपुल झाली आहे. मात्र शिक्षकाचे बोलणे शेवटच्या बाकापर्यंत स्पष्ट पोहोचते काय, या मूलभूत प्रश्नाकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. ज्याला ऐकू येत नाही, तो विद्यार्थी बहुधा 'लक्ष न देणारा' ठरतो. म्हणून हा प्रश्न केवळ तांत्रिक नसून शैक्षणिक न्यायाचा आहे. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील तीन टप्प्यांच्या आधारे त्याचा मागोवा घेतला आहे.

खोलीचा दोष :
1895 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयातील नवे व्याख्यानगृह वापरास अयोग्य ठरले. ते सुधारण्याचे काम भौतिकशास्त्राचे तरुण अध्यापक वॉलेस क्लेमंट सॅबिन यांच्याकडे सोपविण्यात आले. या गृहात उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. परिणामी एक शब्द विरण्यापूर्वीच पुढील अनेक अक्षरे त्यावर आदळत. सॅबिन यांनी ऑर्गनची नळी आणि कालमापक घेऊन रात्रीच्या शांततेत मोजमापे केली. सँडर्स नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या आणून त्यांनी खोलीतील ध्वनिशोषण टप्प्याटप्प्याने वाढविले. खोलीचे घनफळ व ध्वनिशोषण यांवर निनादकाल अवलंबून असतो, हे सूत्र यातून सिद्ध झाले. वास्तुध्वनिशास्त्राचा पाया अशा रीतीने एका सदोष वर्गात घातला गेला. वक्त्याने आवाज चढविल्यास निनादही तितकाच चढतो. त्यामुळे दोष वक्त्याच्या घशात नसून भिंतींत आहे, हा या प्रयोगांचा खरा बोध होय.

आवाजाचा उपाय :
1915 मध्ये पीटर जेन्सन व एडविन प्रिडहॅम यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे ध्वनिवर्धकाचे जाहीर प्रात्यक्षिक केले. सभा व मैदाने यांत हे साधन लवकर रुळले. शाळेत मात्र ध्वनिवर्धन प्रथम कर्णबधिर मुलांच्या शिक्षणापुरते मर्यादित राहिले. शिक्षकाच्या ध्वनिक्षेपकातून रेडिओलहरींद्वारे थेट मुलाच्या कानापर्यंत आवाज पोहोचविणारी उपकरणे पुढे विकसित झाली.

1978 मध्ये फिनिट्झो-हीबर आणि टिलमन यांनी मुलांच्या शब्दग्रहणाचे मापन केले. शांत व निनादरहित स्थितीत सामान्य श्रवणशक्तीची मुले सुमारे 95 टक्के शब्द ओळखत. निनादकाल 1.2 सेकंद आणि शब्द गोंगाटापेक्षा केवळ 6 डेसिबलने मोठा असताना हे प्रमाण सुमारे 54 टक्क्यांवर आले. श्रवणदोष असलेल्या मुलांच्या बाबतीत तेच प्रमाण 83 वरून 27 टक्क्यांवर घसरले. म्हणजेच निर्णायक ठरते ती केवळ आवाजाची पातळी नव्हे, तर आवाज व गोंगाट यांतील अंतर.

याच सुमारास इलिनॉय राज्यातील ग्रामीण शाळांत 'मार्स' या नावाने ओळखला जाणारा प्रकल्प झाला. सौम्य श्रवणदोष व अभ्यासात पिछाडी असलेल्या मुलांपैकी काहींना स्वतंत्र मार्गदर्शन-कक्षात शिकविले गेले, तर काहींना नेहमीच्याच वर्गात ध्वनिवर्धन पुरविण्यात आले. शिक्षकाच्या अंगावर बिनतारी ध्वनिक्षेपक आणि वर्गात ध्वनिवर्धक, एवढीच ही योजना होती. ध्वनिवर्धित वर्गातील मुलांची वाचन व भाषेतील प्रगती अधिक वेगाने आणि कमी खर्चात झाल्याचे संशोधकांनी 1981 मध्ये मांडले. विशेष म्हणजे यात कोणत्याही मुलाला वेगळे काढावे लागले नाही.

मानक आणि मतभेद :
2002 मध्ये अमेरिकेत शालेय वर्गांसाठी ध्वनिविषयक राष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. 10,000 घनफुटांपर्यंतच्या रिकाम्या वर्गात पार्श्वभूमीचा आवाज 35 डेसिबलपेक्षा आणि निनादकाल 0.6 सेकंदापेक्षा अधिक नसावा, असे त्यात सांगितले होते. लहान वर्गांत ध्वनिवर्धनाचा सरसकट वापर करू नये, अशी भूमिका अमेरिकन ध्वनिशास्त्र संस्थेने घेतली. वाढविलेला आवाज शेजारच्या वर्गास त्रास देतो, तसेच ध्वनिक्षेपक हाती नसलेल्या सहाध्यायाचे उत्तर ऐकू येत नाही, हे आक्षेप रास्त आहेत. तथापि जुन्या इमारती एका रात्रीत बदलत नाहीत आणि त्यांत बसलेल्या मुलाचे वर्ष मात्र निघून जाते, ही ध्वनिवर्धनाच्या समर्थकांची बाजूही दुर्लक्षिता येत नाही.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, ध्वनिवर्धन हा चांगल्या वर्गखोलीला पर्याय नसून पूरक उपाय आहे. प्रथम निनाद व गोंगाट कमी करणे आणि त्यानंतर आवश्यक तेथे आवाज वाढविणे, हा क्रम इतिहासाने सुचविला आहे. भारतातील 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी शाळांभोवतीचा 100 मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र मानून तेथे दिवसा 50 डेसिबलची मर्यादा घातली. ती परिसराची मर्यादा आहे. पंखे, पत्र्याचे छप्पर आणि उघड्या भिंती असलेल्या वर्गाच्या आतील ध्वनीचा विचार तेवढ्याने पूर्ण होत नाही. मागील बाकावरील विद्यार्थ्यास दोष देण्यापूर्वी अध्यापकाने एकदा तेथे बसून ऐकणे, हा या विचाराचा सर्वात स्वस्त आरंभ ठरेल.