बिअरचा काढा लवकर थंड करण्याची साधने : परदेशी राहणाऱ्या मुलांसाठी माहिती

आपल्या मंडळातील बऱ्याच घरांतली मुले-मुली नोकरीनिमित्त परदेशी आहेत. त्यांपैकी काहींनी घरी बिअर बनवण्याचा छंद धरला आहे. मुलांकडे चार-सहा महिने राहून आलेले सभासद विचारतात, की त्या तांब्याच्या वेटोळ्याचे काम काय आणि भेट द्यायची तर कोणते साधन द्यावे. म्हणून ही माहिती एकत्र करून देत आहोत. मद्यपानाचा प्रचार हा आमचा हेतू नाही.

आधी कायद्याची बाब. मध्य प्रदेशात १९१५ च्या आबकारी अधिनियमाखाली परवान्याशिवाय मद्य बनवणे गुन्हा आहे. अनुसूचित जमातींना मोहाच्या दारूबाबत घरगुती वापरापुरती मर्यादित सवलत आहे, पण ती बिअरसाठी नाही. सीमेपलीकडे गोंदियातही १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवाना लागतोच. तेव्हा किरनापुरात हा प्रयोग कोणीही करू नये. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरगुती बिअरला मोकळीक आहे आणि ऑस्ट्रेलियातही ती आहे. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने ती मिळाली. तिथे राज्याचे नियम वेगळे पाहावे लागतात आणि विक्री करता येत नाही.

थंड करण्याची घाई कशासाठी?

मोड आणून वाळवलेले जव भरडून गरम पाण्यात ठेवतात. त्यातून गोड पाणी निघते. त्यात हॉप्स नावाची कडू फुले घालून ते साधारण तासभर उकळतात. हा काढा म्हणजे वर्ट. त्यात यीस्ट घालायचे तर तापमान सुमारे १८ ते २० अंश हवे. लागर प्रकारासाठी १० ते १२ अंश. उकळत्या काढ्यात यीस्ट मरते. काढा कोमट अवस्थेत उघडा राहिला तर त्यात नको ते जंतू वाढतात, जसे उन्हाळ्यात दूध नासते. शिवाय तो बराच वेळ गरम राहिला तर हॉप्सचा कडूपणा वाढत जातो आणि उकडलेल्या कोबीसारखा वास येऊ शकतो.

पहिला नियम : नळाचे पाणी मोजा

आपल्या भागात मोहाची दारू गाळताना वरच्या भांड्यातले पाणी तापले की बदलतात, कारण तापलेल्या पाण्यावर वाफ नीट थंड होत नाही. इथेही तेच आहे. कोणतेही साधन काढ्याला आपल्यातून वाहणाऱ्या पाण्यापेक्षा थंड करू शकत नाही. आमच्या ओळखीच्या कुटुंबातील एका मुलाने टेक्सासमध्ये महागडे साधन घेतले. उन्हाळ्यात नळाचे पाणीच ३० अंशांच्या आसपास होते, त्यामुळे काढा त्याच्या वरच अडून राहिला. त्या वेळी साध्या थर्मामीटरने पाणी मोजले असते तर पैसे वाचले असते.

हिशेब सोपा आहे. २० लिटर काढा १०० वरून २० अंशांवर आणायला सुमारे ६,७०० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. सगळे काम बर्फावर सोपवले तर सुमारे १६ किलो बर्फ लागेल. आधी नळाच्या पाण्याने ४० अंशांपर्यंत आणून उरलेले बर्फाने केले, तर हिशेबाने ४ किलो पुरतो. प्रत्यक्षात थोडा जास्त धरावा. बर्फ शेवटी वापरायचा तो यासाठी.

साधने आणि त्यांची निवड

१. बर्फाच्या पाण्याचे टब : ५ ते १० लिटरसाठी पुरेसे आणि जवळजवळ फुकट. २० लिटरचे उकळते भांडे मात्र उचलू नये. भाजण्याचा धोका मोठा आहे.

२. वेटोळे : तांब्याची किंवा स्टीलची नळी काढ्यात बुडवून तिच्या आतून पाणी सोडतात. उकळीच्या शेवटच्या १०-१५ मिनिटांत ते भांड्यात ठेवले की आपोआप निर्जंतुक होते. काढा ढवळत राहिल्यास वेळ बराच कमी होतो. धुणे सोपे आणि घाण डोळ्यांना दिसते. नवशिक्यासाठी हेच चांगले.

३. उलट प्रवाहाची दुहेरी नळी : आतल्या नळीतून काढा आणि बाहेरच्या नळीतून उलट दिशेने पाणी. काम झटपट होते, पण आतली बाजू दिसत नाही. दर वेळी नीट धुऊन निर्जंतुक करावी लागते.

४. प्लेट चिलर : दूध डेअरीत असतो त्याचीच लहान आवृत्ती. बँकेत असताना दूध शीतकरणाच्या कर्जप्रकरणांत आम्ही हे यंत्र पाहिले आहे. आकाराने लहान आणि वेगवान, पण हॉप्सच्या चोथ्याने तुंबते. पंप व गाळणी लागते आणि उलट्या दिशेने पाणी सोडून धुवावे लागते.

५. काहीच न घेणे : उकळता काढा उष्णता सोसणाऱ्या, खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिक कॅनमध्ये काठोकाठ भरून झाकण घट्ट लावतात आणि रात्रभर ठेवतात. ऑस्ट्रेलियात ही रीत चालते, पाणी वाचते. हॉप्सचे प्रमाण मात्र बदलावे लागते. काचेच्या बरणीत गरम काढा कधीही ओतू नये, ती तडकते.

पाण्याचा खर्चही धरावा. वाहत्या पाण्याचे तापमान सरासरी २० अंशांनी वाढते असे मानले, तर २० लिटर काढ्यासाठी ८० लिटर पाणी जाते. सुरुवातीचे कढत पाणी भांडी धुवायला साठवावे.

सावधगिरी

तांब्यावर हिरवट थर दिसला तर व्हिनेगरने किंवा आपल्याकडच्यासारखे चिंचेने घासून, स्वच्छ धुऊनच वापरावे. गाडीचा जुना रेडिएटर किंवा भंगारातली नळी वापरू नये. जोडकामात शिसे असते आणि ते शरीरात साचते.

थोडक्यात, नळाचे पाणी वर्षभर २० अंशांखाली असेल तर साधे वेटोळे पुरते. पाणी गरम असेल तर त्याच वेटोळ्याला बादलीत बुडणारा लहान पंप जोडावा आणि काढा ४० अंशांवर आला की नळाऐवजी बर्फाचे पाणी फिरवावे. महागडे यंत्र दहा-बारा वेळा बिअर बनवून झाल्यावर, धुण्याची सवय लागल्यावरच घ्यावे. भेट द्यायचीच असेल तर वेटोळ्यासोबत एक चांगला थर्मामीटर जरूर द्यावा.