नावाची मुदत संपते तेव्हा

मराठी मुलखाच्या जुन्या महसुली दफ्तरात दोन शब्द पुन्हापुन्हा भेटतात. एक मिरासदार आणि दुसरा उपरी. मिरास हा मूळचा अरबी शब्द. वारशानं येतं ते मिरास. मिरासदाराची जमीन बापाकडून मुलाकडं जायची आणि ती विकण्याचाही हक्क त्याला असायचा. उपरी हा ठरलेल्या मुदतीपुरता कसणारा. मुदत सरली, की त्या मातीशी त्याचा संबंध सरला. एखादं घराणं निर्वंश झालं, तर त्याची जमीन 'गतकूळ' म्हणून नोंदली जायची आणि गाव ती दुसऱ्याच्या हवाली करायचा. पण मिरासदार दुष्काळात परागंदा झाला आणि बऱ्याच वर्षांनी परतला, तरी शेतावर हक्क सांगू शकायचा. गाव त्याला ओळखत असे.

हे जुने शब्द आज आठवायचं कारण आहे इंटरनेट. संकेतस्थळाच्या नावाला डोमेन म्हणतात. ते आपण 'विकत घेतलं' असं सहज बोलून जातो. प्रत्यक्षात तिथं मिरासदार कुणीच नाही, सगळेच उपरी. डॉट कॉमसारख्या नावाचा पट्टा एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचा. पुढची रक्कम भरली नाही, की नाव सुटलं. सुटलेलं नाव दुसरा कुणीही उचलू शकतो आणि जुन्या धन्याला ओळखणारा गाव तिथं नसतो.

हे असं कधीपासून झालं? सुरुवातीला हे जाळं इतकं लहान होतं, की त्यातल्या सगळ्या संगणकांची नावं एका यादीत मावत. कॅलिफोर्नियात मेन्लो पार्क इथल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी ही यादी सांभाळत. कुणाला नवं नाव हवं असलं, तर त्यांना कळवायचं. तलाठ्याच्या चावडीसारखाच तो कारभार. पुढं संगणक वाढले, यादी आवरेना. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी जॉन पोस्टेल यांच्या सोबतीनं नावांची नवी व्यवस्था आखली. एकच मोठी यादी ठेवण्याऐवजी नावांची उतरंड करायची आणि प्रत्येक पातळीचा हिशेब तिथल्यानं ठेवायचा, ही त्यातली मुख्य कल्पना. आजही आपण नाव टाइप करतो, तेव्हा हीच उतरंड कामाला लागते.

१५ मार्च १९८५ रोजी सिम्बॉलिक्स या संगणक कंपनीनं डॉट कॉममधलं पहिलं नाव नोंदवलं. त्या वर्षाअखेर डॉट कॉममध्ये अवघी सहा नावं होती. नोंदणी फुकट होती. जागा अफाट आणि माणसं मोजकी, म्हटल्यावर कोण कशाला भाडं मागेल?

ते भाडं १९९५च्या सप्टेंबरात सुरू झालं. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशननं नोंदणीचं काम नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीकडं दिलं होतं. नावांची मागणी वाढली, खर्च वाढला आणि कंपनीला दोन वर्षांसाठी शंभर डॉलर आकारायची परवानगी मिळाली. भाडं आलं, की मागोमाग भाड्याची तारीख येते आणि तारीख आली, की ती चुकवणाराही येतो. मुदत संपलेल्या नावांचा आजचा बाजार सुरू झाला तो इथून.

तारीख चुकवणाऱ्यांत थोरामोठ्यांचा भरणा आहे. १९९९च्या नाताळात मायक्रोसॉफ्टच्या 'पासपोर्ट डॉट कॉम' या नावाची रक्कम भरायची राहिली आणि हॉटमेलच्या असंख्य ग्राहकांची ई-मेल अडली. अखेर टेनेसी राज्यातल्या एका प्रोग्रामरनं स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरले आणि सेवा पूर्ववत झाली. २०१० साली अमेरिकेतल्या डॅलस काउबॉइज या फुटबॉल संघाचं नाव असंच सुटलं. हे किस्से हसण्यावारी नेता येतील. पण २०१६च्या जून महिन्यात यूटा राज्यातल्या एका कंपनीचं डोमेन सुटलं, तेव्हा तिच्या सेवेवर अवलंबून असलेल्या बहिऱ्या आणि कमी ऐकू येणाऱ्या लोकांना काही दिवस आणीबाणीच्या ९११ क्रमांकावरही फोन करता येईना. पुढच्या वर्षी कंपनीला भरपाई आणि दंड मिळून जवळजवळ तीस लाख डॉलर मोजावे लागले. वर्षाचं भाडं किती, तर काही डॉलर.

नाव सुटतं म्हणजे नेमकं काय होतं, हे नवख्या माणसानं नीट समजून घ्यायला हवं. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी नाव कुणाच्या हाती पडत नाही. डॉट कॉमच्या बाबतीत नोंदणी करणारी कंपनी साधारण पंचेचाळीस दिवसांपर्यंत ते आपल्याकडं ठेवू शकते आणि बहुतेक कंपन्या या काळात जुन्या मालकाला नेहमीच्या दरात नूतनीकरण करू देतात. त्यानंतर तीस दिवसांची सोडवणुकीची मुदत असते. तेव्हाही नाव परत मिळतं, पण जबर आकार भरून. ही सोय डॉट कॉमला २००३ साली मिळाली, कारण विसरभोळ्यांची नावं सुटताक्षणी पळवली जात होती. मग शेवटचे पाच दिवस. या पाच दिवसांत नावाला कुणालाच हात लावता येत नाही. आणि मग ते मोकळं होतं.

मोकळं झाल्यावर साध्या माणसानं बोटांनी टाइप करून ते मिळवायचं, हा विचार सोडून द्यावा. बऱ्या नावांवर डोळा ठेवून असलेल्या कंपन्यांचे संगणक त्या क्षणी एकाच वेळी तुटून पडतात. नोंदणीचा परवाना असलेल्या प्रत्येक कंपनीला मध्यवर्ती संगणकाशी सारखीच जोडणी मिळते. म्हणून काहींनी नावं झेलण्यासाठीच शेकड्यांनी परवाने घेऊन ठेवले. नवख्यानं अशाच एखाद्या कंपनीकडं आगाऊ मागणी नोंदवावी. नाव मिळालं तरच पैसे द्यावे लागतील, अशी अट असलेली बरी. एकाहून अधिक जणांनी मागणी केली असेल, तर लिलाव होतो. शिवाय पुष्कळ चांगली नावं या टोकापर्यंत पोचतच नाहीत. पहिल्या पंचेचाळीस दिवसांतच नोंदणी करणारी कंपनी त्यांचा लिलाव मांडते.

हे सारं मला, एका बी. ए. झालेल्या आणि कविता लिहिणाऱ्या माणसाला, का शिकावं लागलं, ते सांगतो. आमच्या भागात कवितेचं एक त्रैमासिक निघायचं. संपादकांनी मोठ्या हौसेनं त्याचं संकेतस्थळ केलं होतं. संपादक वारले. अंक थांबला. नूतनीकरणाच्या सूचना ज्या ई-मेलवर येत होत्या, तिचा पासवर्ड त्यांच्याबरोबरच गेला. वर्षभरानं कुणीतरी नाव टाइप केलं, तर कवितांच्या जागी जुगाराच्या जाहिराती! त्यांच्या मुलीचा मला फोन आला. "काका, बाबांच्या नावाखाली हे काय चाललंय?" एवढंच ती म्हणाली.

नाव एका व्यापाऱ्यानं झेललं होतं. जुन्या नावाला इतर संकेतस्थळांवरून आलेल्या वाटा असतात, शोधयंत्रांत त्याची पत असते. त्या पतीवर तो जाहिराती चालवत होता. आम्ही विचारणा केली, तर त्यानं सांगितलेली किंमत आमच्या दहा अंकांच्या छपाईइतकी होती. आम्ही थांबलो. कवितेच्या पतीवर जुगार तरी किती चालणार? पुढच्या वर्षी त्यानं पैसे भरले नाहीत. मी मागणी नोंदवून ठेवली होती. दुसरा कुणीच आला नाही आणि सुमारे पाच हजार रुपयांत नाव आमच्याकडं आलं.

नाव आलं, पण घर रिकामं होतं. सुटलेलं नाव घेणाऱ्याला फक्त पाटी मिळते. आतला मजकूर मिळत नाही. सुदैवानं ब्रूस्टर केल यांनी १९९६ साली सुरू केलेल्या इंटरनेट आर्काइव्हमध्ये आमची बरीचशी पानं जतन झालेली होती. त्यांच्या वेबॅक मशीनवरून आम्ही एकेक कविता उतरवून घेतली. सगळ्या मिळाल्या नाहीत.

आणि एक गोष्ट अनपेक्षित होती. नव्यानं ई-मेल सुरू केल्यावर जुन्या पत्त्यावर पत्रं येऊ लागली. संपादक गेल्याचं ज्यांना ठाऊक नव्हतं, असे कवी त्यांना कविता पाठवत होते. एका पत्रात घरगुती दुःखही होतं. ही पत्रं कायद्यानं आमची होती की नाही, मला सांगता येणार नाही. मनानं ती आमची नव्हती. मुलीनं ठरवलं, की पत्र पुरतं न वाचता प्रत्येकाला वडील गेल्याचं कळवायचं. आम्ही तसंच केलं. पण हीच पत्रं त्या व्यापाऱ्यालाही उघडता आली असती. २०१८ साली ऑस्ट्रेलियातल्या एका सुरक्षातज्ज्ञानं वकिलांच्या सोडून दिलेल्या डोमेनची पुन्हा नोंदणी करून दाखवली, तर अशिलांची गोपनीय कागदपत्रं त्याच्याकडं आपोआप येऊ लागली. नाव दुसऱ्याचं होतं, पण लोकांचा विश्वास जुन्याच नावावर बसलेला असतो.

न्यायालयंही यातून सुटली नाहीत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ सालच्या एका निकालपत्रात न्यायमूर्ती अलिटो यांनी एका संकेतस्थळाचा दाखला दिला होता. ते नाव पुढं सुटलं. ज्यानं ते घेतलं, त्यानं तिथं वाचणाऱ्याची थट्टा करणारा मजकूर लावून ठेवला. निकाल कायम आणि त्याचा पुरावा चेष्टेच्या हवाली! अशा तुटत्या दाखल्यांचा अभ्यास झाल्यावर हार्वर्ड विद्यापीठातल्या मंडळींनी कायमस्वरूपी दाखल्यांसाठी 'पर्मा' ही सेवा सुरू केली.

आपल्याकडचा इतिहासही पाहण्याजोगा आहे. डॉट इन या भारताच्या नावांचा कारभार आधी मुंबईतली नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था पाहत असे. नियम कडक, त्यामुळं नावं थोडी. २००५ साली नियम सैल झाले, कारभार निक्सी या संस्थेकडं आला आणि कुणालाही डॉट इन घेणं सोपं झालं. २०१४ साली देवनागरीत 'डॉट भारत' आलं. मराठीतही नाव नोंदवता येऊ लागलं.

कायदाही हळूहळू घडला. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयानं 'रेडिफ'शी मिळतंजुळतं 'रॅडिफ' हे नाव वापरायला मनाई केली. २००४ साली सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डोमेनला व्यापारचिन्हासारखं संरक्षण मिळू शकतं, असं सांगितलं. म्हणून नवख्यानं ध्यानात ठेवावं, की मोकळं झालेलं प्रत्येक नाव हक्काचं नसतं. दुसऱ्याच्या चालत्या व्यवसायाचं नाव वाईट हेतूनं उचललं, तर ते काढून घेतलं जातं.

जमीन घेताना आपण सातबारा पाहतो. तसाच या नावांचाही उतारा असतो. 'हूइज' या नावानं तो वर्षानुवर्षं ओळखला जाई. जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या नावांसाठी त्याची जागा 'आरडॅप' या व्यवस्थेनं घेतली आहे. मुदतीची तारीख तिथं दिसते. आधी ती पाहावी. मग वेबॅक मशीनवर त्या नावाखाली पूर्वी काय चालायचं, ते पाहावं. बदनाम घर घेतलं, तर शेजारी दार उघडत नाहीत. व्यापारचिन्हांची नोंदवही पाहावी. आणि नाव मिळाल्यावर नूतनीकरण आपोआप होईल, अशी व्यवस्था करावी.

आणखी एक. घराची, शेताची, बँकेची कागदपत्रं आपण घरच्यांना दाखवून ठेवतो. आपली छोटी मासिकं, वाचनालयं, गावोगावच्या संस्था यांचं पुष्कळसं लेखन आता अशा भाड्याच्या नावांवर उभं आहे आणि ती नावं बहुधा एकाच माणसाच्या ई-मेलला टांगलेली असतात. ती दोघांतिघांच्या माहितीत असू द्यावीत. आमच्या त्रैमासिकाचं नाव आता मुलीच्या आणि आणखी दोघांच्या ताब्यात आहे. पुढची तारीख तिघांच्याही डायरीत लिहिलेली आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)