घोड्याखालचे रिकामे घर : आखूड बंदुकीतील दोष व ती बाळगण्याचे रिवाज

१

बंदुकीच्या इतिहासाचे लेखन बहुधा लढायांच्या अनुषंगाने झाले आहे. कोणते हत्यार किती दूर मारा करी, मिनिटाला किती गोळ्या झाडी, ह्यांची चर्चा विपुल आढळते. परंतु हत्यार ऐन वेळी उडाले नाही, किंवा नको त्या वेळी उडाले, म्हणजे काय घडे, ह्याचा विचार त्या मानाने थोडा झाला आहे. वस्तुतः पिस्तूल व रिव्हॉल्व्हर ह्या आखूड हत्यारांच्या घडणीत दोनशे वर्षांत जे फेरफार झाले, त्यांतील बरेचसे ह्या दोन दोषांच्या निवारणासाठीच झालेले आहेत. हे दोन दोष परस्परविरोधी आहेत, ही ह्या इतिहासातील कळीची गोष्ट होय. हत्यार हमखास उडावे म्हणून जो उपाय योजावा, तोच ते अवचित उडण्यास कारण होतो. मग त्याला आवर घालण्यासाठी प्रथम माणसाची सवय पुढे येते आणि यंत्राचा भाग तिच्या मागून, पुष्कळदा एखाद्या मृत्यूनंतर, येतो.

विवेचनात येणाऱ्या काही संज्ञांचा अर्थ आरंभीच निश्चित केलेला बरा. मराठीत 'घोडा' हा शब्द आघात करणाऱ्या भागाला जसा लावतात, तसा बोटाने ओढावयाच्या भागालाही सैलपणे लावला जातो. येथे 'घोडा' म्हणजे आघात करणारा भाग आणि 'चाप' म्हणजे बोटाने ओढावयाचा भाग, असा भेद पाळला आहे. दारूचा मुख्य भरणा तो 'बार'; त्याला पेट देणारी बारीक दारू ती 'रंजक'; आणि ती आग नळीत पोहोचविणारे छिद्र तो 'कान'. हे ठासणीच्या बंदुकीच्या काळातले शब्द आहेत. 'पिस्तूल' व 'काडतूस' हे शब्द पोर्तुगीजांच्या संपर्कातून मराठीत आले, तर टोपीच्या आकाराच्या ज्वालाग्राही पुडीला इंग्रजीवरून 'केप' हे नाव मिळाले.

२

गारेच्या पिस्तुलात घोड्याच्या जबड्यात गारगोटी धरलेली असे. चाप ओढताच ती पोलादी पट्टीवर आपटे, ठिणग्या रंजकीवर पडत आणि कानावाटे आग बारापर्यंत जाई. ह्या साखळीतील प्रत्येक दुवा कच्चा होता. पावसाने रंजक भिजे, वाऱ्याने उडून जाई, गारगोटीची धार बोथट होई, कानात काजळी साचे. पुष्कळदा रंजक भकन जळे आणि नळीतील बार तसाच राही.

गारेच्या चापात घोडा अर्धा चढवून ठेवण्याची एक खाच असे. रंजक घालताना व हत्यार बाळगताना घोडा ह्या खाचेत ठेवावयाचा, हा त्या काळचा सुरक्षिततेचा नियम. खाच झिजली किंवा तीत कचरा बसला, की अर्धा चढविलेला घोडा सुटून बार होई. पूर्वतयारीवाचून केलेल्या उतावळ्या कृतीला इंग्रजीत अर्ध्या घोड्यावर उडणे म्हणतात, आणि क्षणभर चमकून विझणाऱ्या यशाला रंजकपात्रातील भडक्याची उपमा देतात. हत्याराचे दोन्ही दोष अशा रीतीने त्या भाषेच्या वाक्प्रचारांत स्थिरावले आहेत. मराठीतील 'फुसका बार' हा प्रयोगही त्याच अनुभवाच्या कुळातला आहे.

पहिल्या दोषावरील निर्णायक उपाय एका धर्मोपदेशकाने शोधला. स्कॉटलंडमधील बेलहेल्वी येथील अलेक्झांडर जॉन फोर्साइथ ह्यांना पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. रंजकीचा भडका व बार ह्यांमधील अंतरात पक्षी सावध होऊन उडून जात. आघाताने पेटणारे संयुग वापरून हे अंतर नाहीसे करणाऱ्या चापाचे पेटंट त्यांनी १८०७ साली घेतले. पुढे हेच संयुग तांब्याच्या लहानशा टोपीत घालून केप तयार झाली. १८३४ साली ब्रिटिश सैन्याने वुलिच येथे दोन्ही प्रकारच्या बंदुकांची तुलना केली. प्रत्येकीतून ६,००० बार काढण्यात आले. गारेची बंदूक ९२२ वेळा चुकली. केपाची केवळ ३६ वेळा. म्हणजे साडेसहा बारांमागे एक चूक होती, ती सुमारे १६६ बारांमागे एक झाली.

३

केपेने पहिला दोष बव्हंशी दूर केला, पण त्याच गुणामुळे दुसरा दोष बळावला. गारेच्या हत्याराला पेटण्यासाठी ठिणगी लागे. केपाच्या हत्याराला नुसता धक्का पुरे. घोडा केपेवर टेकलेला असेल आणि हत्यार जमिनीवर पडून घोड्यालाच मार बसला, तर चापाला स्पर्श न होताही बार उडे.

सॅम्युएल कोल्ट ह्यांनी १८३६ साली अमेरिकेत रिव्हॉल्व्हरचे पेटंट घेतले, तेव्हा हा धोका अनेक पटींनी वाढला. फिरत्या पंचपात्रात पाच किंवा सहा घरे, प्रत्येक घरात बार आणि प्रत्येक घरामागे केप. एका घराची आग शेजारच्या घरात शिरून अनेक बार एकदम उडण्याचे अपघात घडत, म्हणून गोळ्यांच्या तोंडाशी चरबी लावण्याचा रिवाज पडला. फुटलेल्या केपेचे तुकडे यंत्रात पडून पंचपात्र अडकणे, हीही नित्याची तक्रार होती. अवचित उडण्यावर उपाय म्हणून कोल्टच्या १८५१ च्या नमुन्यात पंचपात्राच्या मागील बाजूस दोन घरांमध्ये बारीक खुंट्या बसविल्या होत्या, आणि रेमिंग्टनच्या यादवी युद्धकाळातील रिव्हॉल्व्हरांत त्याच जागी खोल खाचा होत्या. घोडा केपेवर न टेकता दोन केपांच्या मध्ये विसावावा, हा दोहोंचा हेतू. ह्या सोयीमुळे सर्व घरे भरूनही हत्यार बरेचसे निर्धोकपणे बाळगता येई.

४

धातूच्या काडतुसाने ह्या व्यवस्थेत पालट केला. अमेरिकन सैन्याने १८७३ साली स्वीकारलेल्या कोल्टच्या रिव्हॉल्व्हरात आघाताची सुई घोड्यालाच जडलेली होती. घोडा पूर्ण उतरलेला असता ती काडतुसाच्या केपेला भिडे. किंचित चढविलेल्या घोड्यासाठी एक सुरक्षा-खाच होती खरी. परंतु तिची कड इतकी नाजूक होती की हत्यार घोड्यावर पडल्यास ती मोडे व बार होई. यंत्राने दिलेली हमी अशा रीतीने नावापुरतीच होती.

ही उणीव माणसांनी सवयीने भरून काढली. सहा घरांपैकी एक घर भरावयाचे, दुसरे सोडावयाचे, पुढील चार भरावयाची, आणि मग घोडा पूर्ण चढवून अलगद उतरवावयाचा; तो नेमका रिकाम्या घरावर येतो. सहाबारी म्हणविणारे हत्यार व्यवहारात पाचबारी झाले ते असे.

ह्या सवयीची किंमत दाखविणारी एक घटना कॅन्ससमधील विचिटा येथे जानेवारी १८७६ मध्ये घडली. तेथील पोलीस दलातील वायट अर्प हे मित्रांसह एका मद्यगृहाच्या मागील खोलीत बसले असता त्यांचे रिव्हॉल्व्हर म्यानातून घसरून पडले. घोडा भरलेल्या घरावर होता. गोळी अर्प ह्यांच्या कोटातून आरपार जाऊन भिंतीवर आपटली व छतातून बाहेर पडली. स्थानिक वृत्तपत्राने ती बातमी छापली. पुढे १९३१ साली स्टुअर्ट लेक ह्यांनी लिहिलेल्या चरित्रात, जाणता माणूस घोड्याखाली रिकामेच घर ठेवतो, असा उपदेश ह्याच अर्प ह्यांच्या तोंडी घातलेला आहे; विचिटाचा प्रसंग मात्र त्या उपदेशाला जोडलेला नाही. लेक ह्यांचे चरित्र अभ्यासकांनी पुष्कळ अंशी कल्पित ठरविले आहे; म्हणून ते उद्गार पुरावा म्हणून घेता येत नाहीत. समकालीन बातमीचे मोल मात्र त्यामुळे कमी होत नाही. रिवाज माहीत असणे व तो दररोज पाळला जाणे ह्यांत अंतर असते, एवढे तीवरून दिसते.

५

सवयीवर विसंबण्याऐवजी यंत्रातच तजवीज करण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. स्मिथ अँड वेसन कंपनीने १८८७ साली घोडा आत झाकलेले आणि मूठ दाबून धरल्यावाचून न उडणारे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. कोल्टने १९०५ च्या सुमारास घोडा व चौकट ह्यांच्या मध्ये येणारा अडसर बसविण्यास प्रारंभ केला.

परंतु अडसर असणे म्हणजे तो कार्यक्षम असणे नव्हे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाला पुरविलेल्या स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरांत अडसर होताच. तो एका लवचीक पट्टीच्या जोरावर आपल्या जागी येई. १९४४ साली असे एक रिव्हॉल्व्हर जहाजाच्या पोलादी तक्तपोशीवर पडून उडाले व एक खलाशी मृत्युमुखी पडला. साठवणुकीसाठी लावलेले ग्रीस घट्ट झाल्याने पट्टीची हालचाल थांबून अडसर निकामी होऊ शकतो, असे आढळले. कंपनीने तत्काळ नवा अडसर तयार केला. तो पट्टीच्या जोरावर नव्हे, तर चाप परतण्याच्या गतीनेच जागेवर ढकलला जातो. ग्रीसच्या एका थरापायी एक जीव गेला तेव्हा ही सुधारणा झाली.

जुन्या एकेरी घडणीच्या रिव्हॉल्व्हरांना हा न्याय लागण्यास आणखी तीन दशके गेली. रुगर कंपनीने १९७३ साली उलट दिशेने विचार केला. घोडा व सुई ह्यांत कायमचे अंतर ठेवून, चाप पूर्ण ओढला असतानाच वर येणारी एक दुवा-पट्टी तिने योजिली. पट्टी वर नसेल तर घोड्याचा आघात सुईपर्यंत पोहोचतच नाही. अडसराच्या रचनेत काहीतरी मध्ये यावे लागते. येथे काहीतरी मध्ये आल्यावाचून बारच होत नाही. यंत्र बिघडले तर ते न उडण्याच्या बाजूने बिघडावे, हे तत्त्व येथे अमलात आले. १९८२ पासून पूर्वीच्या नमुन्यांत विनामूल्य बदल करून देण्याची व्यवस्थाही कंपनीने केली.

६

हत्याराप्रमाणेच काडतुसाच्या भरणीतही हाच विरोध दिसतो. भरण्याच्या चुकीचा सर्वांत मोठा नोंदलेला दाखला लांब बंदुकांचा आहे. जुलै १८६३ मधील गेटिसबर्गच्या लढाईनंतर रणभूमीवरून २७,५७४ बंदुका गोळा झाल्या. त्यांतील सुमारे २४,००० भरलेल्या होत्या. जवळजवळ १२,००० बंदुकांत दोन-दोन, तर ६,००० बंदुकांत तीनपासून दहापर्यंत बार एकावर एक ठासलेले होते. कल्लोळात आपली बंदूक उडाली नाही हे शिपायाला कळलेच नव्हते, आणि हात मात्र सवयीने ठाशीत राहिले होते.

धातूची पुंगळी पुन्हा भरण्याचा व्यवसाय व छंद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाढला. काळी दारू असेतोवर पुंगळी जवळजवळ तोंडापर्यंत भरे; दुप्पट दारू चुकून पडली तर ती सांडे आणि चूक आपोआप उघड होई. पोल व्येय ह्यांनी १८८४ साली फ्रान्समध्ये धूरविरहित दारू सिद्ध केल्यावर हे संरक्षण नाहीसे झाले. नव्या दारूचा भरणा थोडा व जोर मोठा. काळ्या दारूसाठी घडविलेल्या लांब पुंगळीत तो तळाशीच राहतो; दुप्पट पडला तरी गोळी बिनबोभाट वर बसते आणि पंचपात्र फुटते.

उलट चूकही तितकीच घातक आहे. दारू मुळीच पडली नाही, तर केपेच्या एकट्या जोराने गोळी नळीत शिरून मध्येच अडकते. आवाज क्षीण होतो. बोलीत हास्यास्पद वाटणारा फुसका बार येथे गंभीर होतो. कारण नेमबाजाने तो ओळखला नाही, तर पुढची गोळी अडकलेल्या गोळीवर आदळून नळी फुगते किंवा फाटते. केप पुरती खोल बसली नसेल, तर पहिला आघात तिला बसविण्यातच खर्ची पडतो. ती मागे डोकावत असेल तर पंचपात्र फिरत नाही. बार लगेच न उडता क्षणभराने उडण्याचाही संभव असतो, म्हणून चुकलेल्या बारानंतर नळी निर्धोक दिशेलाच धरून थांबावयाचे, हा नियम आहे. मेजावर एका वेळी एकच दारू ठेवणे आणि गोळी बसविण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत उजेडात डोकावून पाहणे, हे भरणाऱ्याचे दोन रिवाज. काळी दारू सांडून जी चूक दाखवून देई, ती आता डोळ्यांना शोधावी लागते.

७

विसाव्या शतकात स्वयंभरणी पिस्तुलाने रिव्हॉल्व्हरची जागा घेतली. मार्च १९११ मध्ये अमेरिकन सैन्याने घेतलेल्या कसोटीत पुन्हा ६,००० हाच आकडा आढळतो. कोल्टचे पिस्तूल ६,००० गोळ्यांत एकदाही अडकले नाही; प्रतिस्पर्धी सॅव्हेजचे ३७ वेळा अडकले. न उडण्याचा दोष येथे जवळजवळ संपुष्टात आला. पुढे १९८२ साली ऑस्ट्रियाच्या सैन्याने स्वीकारलेल्या ग्लॉक पिस्तुलात बाहेरून चालवावयाची कळच राहिली नाही. तीन अंतर्गत अडसर असून ते सर्व चाप ओढताच सुटतात. पडून उडण्याचा धोका अशा रचनेने पुष्कळच घटविला, पण त्याबरोबर सर्व भार चापावर, म्हणजे बोटावर, आला. अमेरिकन मरीन दलातील माजी अधिकारी जेफ कूपर ह्यांनी रूढ केलेले नियम म्हणूनच यंत्राविषयी नसून वर्तनाविषयी आहेत : प्रत्येक हत्यार भरलेले मानावे; ज्याचा नाश करावयाचा नाही त्यावर नळी रोखू नये; दृष्टी लक्ष्यावर स्थिरावेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावे; लक्ष्य व त्यामागे काय आहे ते निश्चित जाणावे. चाप पूर्ण झाकणारे ताठ म्यान, हा ह्याच विचाराचा भाग होय.

ह्यावरून सवय व यंत्र ह्यांचा संबंध एकमार्गी नाही, असे म्हणावे लागते. यंत्राने एक सवय अनावश्यक केली की धोका दुसऱ्या जागी सरकतो आणि तेथे नवी सवय लागते. मराठीत 'बार' हा शब्द भरण्यालाही चालतो आणि उडण्यालाही. बार भरतात तसाच तो उडतो. दोन अवस्थांना एकच नाव देणारा हा प्रयोग हत्याराच्या स्वभावाशी सुसंगतच म्हटला पाहिजे. १८७३ च्या नमुन्याबरहुकूम घडविलेली रिव्हॉल्व्हरे आजही विकली जातात. ज्यांत नवा अडसर वा दुवा-पट्टी नाही, त्यांच्या बाबतीत सहांपैकी पाचच घरे भरावी व घोडा रिकाम्या घरावर ठेवावा, हा नियम आजही लागू आहे.