आठ केबीची वेस

आजचा इतिहास अगदी अलीकडचा आहे, आणि सुरुवात विट्यातल्या एका यंत्रमागापासून करतो.

मागावर पिक मोजायला मी छोटा काउंटर बनवला होता. धोटा एकदा गेला की एक पिक. विणकराची मजुरी त्याच आकड्यावर. आत ॲटमेगा८८ ही चिप, ८ केबी मेमरीची. एकदा ती मिळेना, म्हणून १६ केबीची ॲटमेगा१६८ बसवली. दोघींना २८ पाय, डेटाशीटही एकच. जुनाच प्रोग्राम भरला. माग सुरू झाला आणि दर पिकाला आकडा परत शून्य! मागावरचे मामा म्हणाले, "आज फुकट विणायचं का?"

चूक माझीच होती. तिचं मूळ नॉर्वेत आहे. १९९० च्या दशकात ट्रॉनहाइमला आल्फ-एगिल बोगेन आणि वेगार्ड वोलान या विद्यार्थ्यांनी एव्हीआर चिपचा आराखडा केला. पुढं ॲटमेल कंपनीनं ती बाजारात आणली. या चिपमध्ये उडी मारायची एक छोटी आज्ञा आहे, २ बाइटची. तिची झेप मागं ४ केबी, पुढं ४ केबी. म्हणजे ८ केबीच्या चिपमध्ये ती कुठंही पोचते. त्याहून मोठ्या चिपला ४ बाइटची लांब उडी लागते.

कसं आहे, विट्यात "पुढच्या गल्लीत" म्हटलं की भागतं. पण आपली गलाईवाली मंडळी परमुलखातून पत्र धाडायची, तेव्हा ता. खानापूर, जि. सांगली लिहावंच लागायचं.

पिक आला की चिपला इशारा जातो, म्हणजे इंटरप्ट. त्यानंतर कुठं जायचं याचा तक्ता मेमरीच्या सुरुवातीला असतो. ८८ मध्ये त्याचा एकेक खण २ बाइटचा, १६८ मध्ये ४ चा. त्यामुळं नवी चिप भलत्याच, न वापरलेल्या खणात शिरायची आणि तिथून प्रोग्राम पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा.

म्हणूनच जीसीसी कंपायलरनं फॅमिली पाडल्या त्या नावावरून नाहीत. या जातीच्या चिपमध्ये ८ केबीपर्यंत एव्हीआर४, त्यापुढं एव्हीआर५. नंतर १२८ केबीसाठी एव्हीआर५१ आली. २५६ केबीच्या ॲटमेगा२५६० साठी एव्हीआर६, कारण तिथं परतीचा पत्ताच २ ऐवजी ३ बाइटचा झाला.

मी कोडचं एक अक्षरही बदललं नाही. फक्त कंपायलरला चिपचं खरं नाव सांगितलं, प्रोग्राम नव्यानं बनवून भरला. आकडा चढायला लागला. त्या पाळीची मजुरी मात्र कापड मीटरवर मोजून दिली.

भेटू पुढच्या भागात.