खिशातला चाकू कसा बनतो? पात्यापेक्षा सांधा महत्त्वाचा

नवागाम (सुरत) : नवागाम-डिंडोली, उधना, लिंबायत या भागांत खान्देशातून आलेली मराठी कुटुंबं मोठ्या संख्येनं राहतात. गावाकडे आपण ज्याला चाकू म्हणतो, तो इथल्या बाजारात 'चप्पू' होतो आणि अडकित्त्याची 'सूडी' होते. गुजरातेत कच्छमधले अंजार आणि रेहा, तर उत्तर प्रदेशात रामपूर ही चाकूची जुनी नावाजलेली गावं. चाकू घेताना आपण पात्याची चमक आणि धार पाहतो. पण घडीच्या चाकूचा खरा कस लागतो तो पातं आणि मूठ जिथे जोडलेली असते त्या सांध्यात. बोट कापू शकतं तेही या सांध्यामुळे.

चाकूचे भाग

पातं : जुने चाकू साध्या पोलादाचे. तापवून, ठोकून पात्याला आकार देतात, कानशीनं घासतात. मग लालबुंद तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवतात. यालाच 'पाणी देणं' म्हणतात. त्यानं पोलाद कडक होतं, पण ठिसूळही होतं. म्हणून ते पुन्हा मंद आचेवर तापवतात. हे नीट जमलं नाही तर पातं एक तर मोडतं, नाही तर धार धरत नाही.

पात्याचं मूळ : मुठीत राहणारा, धार नसलेला जाड भाग. याला एक भोक असतं. त्यातून जाणाऱ्या खिळ्याभोवती पातं फिरतं.

पाठीची पट्टी : मुठीच्या पाठीला बसवलेली पोलादी स्प्रिंग. ती पात्यापेक्षा थोडी मऊ ठेवतात. वाकून परत जागेवर येणं हेच तिचं काम.

पितळी पत्रे : दोन्ही बाजूंचे पातळ पत्रे. पातं यांच्यामध्ये मिटतं. पितळ लोखंडासारखं गंजत नाही, म्हणून आतली जागा साफ राहते.

मूठ : पत्र्यांवर लाकूड, शिंग, हाड किंवा पितळेच्या फाका बसवतात. शेवटी आरपार खिळे घालून त्यांची टोकं हलक्या हातानं ठोकतात. सांध्याचा खिळा जास्त ठोकला तर पातं उघडत नाही, कमी ठोकला तर डुगडुगतं. कारागिराचा हात इथेच कळतो.

उघडा चाकू उघडाच कसा राहतो?

साधा चाकू : पात्याच्या मुळाला सपाट कडा असतात. त्यावर पट्टी दाबून बसते. पातं फक्त दाबानं थांबलेलं असतं, कुलूप नसतं. टोक खुपसताना किंवा पात्याच्या पाठीवर जोर आला तर ते बोटांवर मिटतं.

खटक्याचा चाकू : मुळाला खाच आणि पट्टीला दात. पातं उघडलं की दात खाचेत बसतो आणि 'खट्' आवाज येतो. पट्टी उचलल्याशिवाय पातं मिटत नाही. रामपुरीची ओळख ही अशीच. 1965 च्या 'वक्त' चित्रपटातला राज कुमार यांचा चाकूचा प्रसंग आजही लोकांच्या लक्षात आहे. 2023 मध्ये रामपूर शहरात सुमारे 20 फुटी चाकू चौकात उभारला गेला.

गरारीदार : मुळाला एकाऐवजी अनेक दाते, म्हणून उघडताना 'कर्रर्र' आवाज.

बटनदार : बटण दाबलं की आतल्या स्प्रिंगच्या जोरानं पातं बाहेर येतं.

फ्रान्सच्या ओपिनेल चाकूत पाठीची पट्टीच नसते. लाकडी मुठीत पातं घट्ट बसवतात. 1955 पासून त्यावर फिरणारी कडी आली. ती फिरवली की पातं अडकतं.

घेताना काय पाहाल?

उघडं पातं आडवं हलवून पाहा, खडखड नको. मिटल्यावर पातं मधोमध बसावं, पत्र्याला घासू नये. खटका तपासायचा तर पात्याची पाठ लाकडावर हळूच दाबा, तेव्हा बोटं पात्याच्या वाटेत ठेवू नका. कांदा, लिंबू कापल्यावर पुसून ठेवा, सांध्यात तेलाचा एक थेंब सोडा. गंज पात्यावर दिसतो, पण स्प्रिंगला आतून खातो.

कायदा काय सांगतो?

शस्त्र अधिनियम 1959 खालच्या 2016 च्या नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेती व उद्योगाच्या कामासाठी बनवलेले वगळलेले आहेत. दिल्लीत 1980 च्या अधिसूचनेनं मर्यादा आणखी खाली आणली. तिथे 7.62 सेंमी किंवा जास्त लांब आणि 1.72 सेंमी किंवा जास्त रुंद पात्याचे बटनदार, गरारीदार चाकू बनवायला आणि विकायला मनाई झाली. म्हणजे कायदाही पात्याच्या मापाबरोबर सांधा पाहतो.

महाराष्ट्र आणि गुजरात, दोन्हीकडचा पोलीस कायदा मूळ 1951 च्या मुंबई राज्याचा. त्याच्या कलम 37 खाली सण, निवडणूक किंवा तणावाच्या काळात चाकूसह शस्त्रं बाळगून फिरायला बंदी घालता येते. तेव्हा उधन्याहून नंदुरबारकडे निघताना चाकू खिशात टाकण्याआधी दोन गोष्टी पाहा : सांधा कोणता आहे, आणि दोन्हीकडे मनाई आदेश लागू आहे का.