घरोघरीची सिंगर

हडपसर पुणे महानगरपालिकेत आले. पुढे मळ्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि अंगणाच्या घरांतील माणसे दोन खोल्यांच्या सदनिकांत राहावयास गेली. या हलवाहलवीत ज्या वस्तूंना जागा उरली नाही, त्यांत पायाने चालवावयाचे काळे शिवणयंत्र होते. आमच्या घरीही ती वेळ आली. भंगारवाल्याने वजनावर भाव सांगितला. त्याला केवळ लोखंडी पाय हवे होते, कारण त्यांवर फळी बसवून उपाहारगृहांसाठी मेजे करतात. आम्ही यंत्र दिले नाही. ते दुरुस्त करता करता त्याचा पूर्वेतिहास शोधण्याचा छंद जडला, आणि आता धर्मग्रामातील काही कुटुंबे आपापली यंत्रे आमच्याकडे घेऊन येतात.

आमच्या यंत्राच्या बैठकीवर उजव्या हाताला एक क्रमांक उमटवलेला आहे. तेलकट काजळी पुसल्यावर त्याच्या आरंभीचे ‘वाय’ अक्षर दिसले. हे अक्षर म्हणजे स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथील सिंगर कारखान्याची दोन महायुद्धांमधील काळाची खूण. १८८५ साली सुरू झालेला तो प्रचंड कारखाना १९८० मध्ये बंद पडला. तेथील रेल्वे स्थानकाचे नाव मात्र आजही ‘सिंगर’ असेच आहे.

आयझॅक सिंगर यांना अमेरिकेत पेटंट मिळाले ते १८५१ साली. टोकाशी नेढे असलेली सुई आणि खालून दोरा नेणारा धोटा यांची जोडी त्यांच्याआधी, १८४६ मध्येच, एलायस हाव यांनी पेटंट केली होती. न्यायालयीन वादानंतर सिंगरना हाव यांना मोबदला द्यावा लागला. परंतु आमच्या मते खरा क्रांतिकारी शोध यंत्राचा नव्हे, तर हप्त्याचा. सिंगर यांचे भागीदार एडवर्ड क्लार्क यांनी १८५६ च्या सुमारास थोडी रक्कम आधी भरून बाकी महिन्या-महिन्याने फेडण्याची सोय केली, आणि ज्या घरात एकरकमी पैसा कधीच जमला नसता, त्या घरातही यंत्र पोहोचले. हिंदुस्थानात हा व्यापार रुजविला तो नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी.

यंत्रयुगाचे कठोर टीकाकार महात्मा गांधी यांनीही या यंत्राला अपवाद मानले. १९२४ च्या जानेवारीत पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली व पुढच्याच महिन्यात त्यांची कारावासातून सुटका झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘यंग इंडिया’त छापून आलेल्या संभाषणात ते म्हणतात की, पत्नीचे हाताने शिवण्याचे कष्ट पाहून प्रेमापोटी सिंगरने हे यंत्र घडविले. कथा हृद्य आहे, पण इतिहासाला धरून नाही. सिंगर हे नाटकवेडे कारागीर. बॉस्टनच्या एका कार्यशाळेत धंद्याच्या निकडीतून त्यांनी यंत्र सुधारले, आणि त्यांचा संसार तर कोणी आदर्श म्हणून सांगावा असा नव्हताच! तरीही गांधीजींना जे दिसले ते खोटे म्हणवत नाही. घरातील स्त्रीचे कष्ट या यंत्राने खरोखरच हलके केले.

त्याहून अधिक, त्याने तिला मिळकत दिली. रमाबाई रानडे यांच्या पुण्यातील सेवासदनात, १९०९ पासून, विधवा व गरजू स्त्रियांना शिक्षणाबरोबर शिवणकामही शिकविले जाई. आमच्या धर्मग्रामांतही सिस्टरांच्या शिवणवर्गांतून कित्येक मुली टीप मारायला शिकल्या. आमच्या आजीच्या हाती पतीच्या निधनानंतर पैसा नव्हता; हे एक यंत्र होते. शाळेचे गणवेश, लग्नाचे झगे, प्रथम ख्रिस्तप्रसादाचे पांढरे फ्रॉक, वेदीची वस्त्रे, हे सारे त्याच्यावर शिवले गेले. फ्रॉकाची शिलाई कित्येकदा ती घेत नसे, असे आई सांगते. मग घर कसे चालले, हे आईलाही नीट सांगता येत नाही.

१९३० च्या दशकात कलकत्त्यात ‘उषा’ तयार होऊ लागली. स्वातंत्र्यानंतर आयात आटली आणि सिंगरच्याच घाटाच्या या देशी यंत्राने तिची जागा घेतली. म्हणूनच उषाचे काही सुटे भाग जुन्या सिंगरलाही चालतात, ही आमच्यासारख्यांची मोठीच सोय झाली आहे.

आता दुरुस्तीविषयी. आरंभी आम्हीही चूक केली. काजळी जाईना म्हणून स्पिरिटचा बोळा फिरविला आणि सोनेरी वेलबुट्टीचा एक कोपरा डोळ्यांदेखत विरघळला. वरचा मुलामा लाखेचा असतो हे तेव्हा ठाऊक नव्हते. आता केवळ शिवणयंत्राचे तेल व मऊ सुती चिंधी वापरतो. चाक जखडले असेल तर जोर करू नये. सांध्यांत तेल सोडून दोन-चार दिवस थांबावे, मग चाक हलकेच मागे-पुढे करावे. निम्म्या तक्रारी धोट्याखाली साचलेल्या सुती लव्याच्याच असतात.

काहीजण यंत्र नव्याने रंगवून मागतात. आम्ही नकार देतो. जेथे आजीचा डावा तळवा कापड सरकवीत असे, तेथील सोनेरी रंग पूर्णपणे झिजला आहे. तेवढी जागा आम्ही नुसती पुसतो.

गेल्या महिन्यात सुतीवर पहिली सरळ टीप पडली. आई शेजारी बसून होती. तिने टाका नखाने ओढून पाहिला आणि वरचा दोरा किंचित सैल करावयास सांगितले. चामड्याचा पट्टा मात्र फार ताणला गेला आहे. येत्या रविवारी मिस्सानंतर जुन्या बाजारात जाऊन दुसरा पाहावयाचा आहे.